कर्त्याचा पाट

वर्ध्याच्या बाजारात रुख्माबाईच्या तोंडाला कुणी लागत नसे. पवनारहून पहिल्या एसटीनं ती टोपली घेऊन उतरायची, वांग्यांचा ढीग लावायची आणि मग तिची जीभ जी सुरू व्हायची ती ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबायची नाही. शेजारच्या बायांना वेगळं ओरडावंच लागत नसे. हिचं बोलणं ऐकायला म्हणून माणसं थांबत आणि जाताना काही ना काही घेऊन जात. "बाई, वांगे किडके तं नाईत ना?" असं कुणी विचारलं की ही म्हणायची, "हाय ना बापा कीड. तिनंच चाखून पाह्यलं, गोड हाय म्हने." आता सांगा, अशा बाईशी भाव कुणी करायचा आणि कसा करायचा!

रूपराव झाडे असाच एकदा वांगी घ्यायला थांबला आणि थांबूनच राहिला. ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. रूपराव कॉलेजात मराठी शिकवायचा, तोही कच्च्या नोकरीवर. आर्वीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, बोरगाव मेघेत एक खोली घेऊन राहायचा आणि पीएचडी करायचा. विषय असा की ऐकणारा आधी त्याच्या तोंडाकडे बघे आणि मग पावसापाण्याचं विचारू लागे. क्रियापदाच्या अर्थावरून वाक्याची रचना कशी ठरते, हा विषय. त्याचा बाप तर सरळच म्हणाला होता, "अबे, बोलाले तं शेंबडं पोट्टं बी बोलते. त्याच्यावर पीएचडी कायची?"

पण रूपरावाला त्याचं वेडच होतं. वर्गात तो फळ्यावर खडूनं जेवणाचे पाट काढायचा. क्रियापद म्हणजे पंगतीचा यजमान, तो म्हणायचा. पाट किती मांडायचे ते यजमान ठरवतो. 'झोपणे' आलं की एका पाटावर भागलं, झोपणाऱ्याच्या. 'देणे' आलं की तीन पाट लागले : देणाऱ्याचा, घेणाऱ्याचा आणि दिलेल्या वस्तूचा. 'फुटणे'ला एकच पाट, जे फुटलं त्याचा. कप फुटला, संपलं. पण 'फोडणे' म्हटलं की दुसरा पाट मांडावाच लागतो, फोडणाऱ्याचा. रूपराव त्याला कर्त्याचा पाट म्हणायचा. पोरं मागच्या बाकावर हसायची, "सर, जेवाले कवा बसवता?" म्हणायची. पण खरं सांगायचं तर पाटांचं हे गणित पोरांच्या डोक्यात पक्कं बसायचं.

त्याचे मार्गदर्शक सर नागपूरचे. त्यांनी पहिलीच दोन प्रकरणं परत केली. म्हणाले, "झाडे, तुमचा कान आता परीटघडीचा झाला. तुम्ही 'मला'वाले झालात. जो 'मले' म्हणतो, ज्यानं शाळेचं तोंड पाहिलं नाही, अशा माणसाकडून वाक्यं आणा." म्हणून रूपराव रुख्माबाईच्या टोपलीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मावशी, मला तुमचं बोलणं हवं आहे."

"घ्या ना," रुख्माबाई म्हणाली. "वांग्यासंगं फुकट हाय."

दर रविवारी तो पवनारला जाऊ लागला. नदीच्या काठाला रुख्माबाईची भाजीची वाडी होती. नवरा बापूराव केव्हाच गेलेला. एकुलता एक मुलगा चंद्रभान, आणि नवी सून शालू. वाडीला पाणी नदीचं. काठावर डिझेलचं इंजिन, त्याच्या पाइपाचं तोंड नदीत. त्या तोंडावरच्या जाळीत गाळ न् शेवाळ अडकलं की इंजिन नुसतं धापा टाके. मग चंद्रभान कमरेला दोर बांधून पाण्यात उतरायचा, बुडी मारून जाळी साफ करायचा आणि काठावर दोर धरून उभी राहायची ती रुख्माबाई. दोर ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, सुनेच्याही नाही. बाकी चंद्रभान असा पोहायचा की दोराची गरज नदीला असेल, त्याला नव्हती.

रुख्माबाई मेथीच्या जुड्या बांधत बसायची आणि रूपराव कॉलेजचा टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवून विचारायचा, असं म्हणता येतं का, तसं म्हणता येतं का.

"'वांगं मले आवडलं' असं म्हणता?"

"म्हनतो ना."

"आणि 'वांग्यानं मले आवडवलं'?"

रुख्माबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "वांग्यानं काय केलं? त्याले हात हायेत काय, मास्तर?" आणि पदर तोंडाला लावून अशी हसली की इंजिनाजवळून चंद्रभान धावत आला, काय झालं म्हणून. शालूही हसली. रूपरावही हसला, पण हसता हसता त्यानं लिहून घेतलं. खरंच होतं की. हात नसलेल्याला कर्त्याचा पाट मिळत नाही.

तो हिवाळा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ होता.

मग आली नुकसानीची क्रियापदं. फुटणे, मोडणे, जळणे, बुडणे. इथं मात्र रुख्माबाईची चाल बदलली. 'घर जळलं' म्हणा म्हटलं की ती म्हणायची, "वैऱ्याचं घर जळलं." 'बैल मेला' म्हटलं की "वैऱ्याचा बैल मेला." प्रत्येक वाईट वाक्याच्या आधी वैरी बसवल्याशिवाय तोंड उघडायची नाही. वास्तू ऐकत असते, ती म्हणायची, न् 'तथास्तु' म्हनते. आपलं नाव घेऊन अभद्र बोलू नाई.

रूपरावाला गंमत वाटली. त्यानं ती सगळी वैऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी नागपूरला नेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा वैरी आपल्या सगळ्या मांडणीत पाचर मारतो आहे, झाडे. तुमचा मुद्दा काय? बुडणे या क्रियापदात करणाऱ्याला जागा नाही, पण ज्याचं नुकसान झालं त्याला जागा मिळते. बरोबर? मग नुकसान बोलणाऱ्याचं स्वतःचं नको का? वैऱ्याचं बुडालं तर हिला काय दुःख? 'माझं' हवं. माझं मूल बुडालं. त्याशिवाय हे प्रकरण मी पुढे पाठवणार नाही."

रूपरावानं येऊन सांगितलं तशी रुख्माबाई उठूनच उभी राहिली. "नाई जमत, मास्तर. दुसरं काई इचारा."

"मावशी, नुसता आवाज आहे तो. तोंडातून निघाला, हवेत गेला. वाक्यानं काही होत असतं का?"

"मंग कायले म्हनाले लावता? होत नाई तं राहू द्या ना."

पुढच्या रविवारी त्यानं पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या रविवारीही. शेवटी एकदा तो वैतागून बोलून गेला की प्रकरण अडलं तर पीएचडी अडेल आणि पीएचडी अडली तर ही कच्ची नोकरीही जाईल. खोटं नव्हतं ते. पण ते कुणापुढे बोलावं आणि कुणापुढे बोलू नये, याचा पाचपोच माणसाला असावा. रुख्माबाईचे हात थांबले.

"तुमची नोकरी जाते, मास्तर?"

"जाऊ शकते."

ती नदीकडे पाहत राहिली. चंद्रभान पलीकडच्या वाफ्यात पाणी वळवत होता, गाणं म्हणत होता. दिवेलागणीची वेळ होऊ लागली होती, जेव्हा घरात वाकडा शब्द काढायचा नसतो अशी वेळ. पण शेवटची बस निघायची होती आणि रूपरावाला घाई होती. त्यानं टेप सुरू केला.

रुख्माबाईनं डोळे मिटले. जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला आणि भरभर म्हणाली, "माहं पोरगं नदीत बुडालं." मग लगेच थुंकली.

वाक्य निघालं कसं म्हणता! आवाज मधेच कापरा झाला होता. वैऱ्याच्या वाक्यांत जे कधी आलं नाही ते यात होतं. रूपरावाच्या अंगावर काटा आला, आणि सांगायला लाज वाटते, पण तो आनंदाचा काटा होता. लगेच त्यानं दुसरा प्रश्न टाकला. "आता कर्ता घेऊन. 'अमक्यानं माहं पोरगं बुडवलं.' असं म्हणता येतं?"

"असं कोन म्हनन?" रुख्माबाई चिडून ओरडली. "कोनी कोनाचं पोरगं बुडवते काय? असं बोलनंच नाई आमच्यात. चाला, उठा आता. बस गेली म्हना."

त्यानं वहीत 'बुडवणे' लिहून पुढची जागा कोरी ठेवली.

प्रकरण पास झालं. सरांना तर ते वाक्य इतकं आवडलं की त्यावर एक लेख लिहवून घेतला आणि नागपूरच्या एका संशोधन-अंकात छापूनही आणला. पहिलंच उदाहरण, जाड ठशात : माहं पोरगं नदीत बुडालं. परीक्षांच्या गडबडीत रूपरावाचं पवनारला जाणं सुटलं.

पावसाळ्यात एकदा चंद्रभानच त्याच्या खोलीवर आला. पायांना चिखल, चेहरा उतरलेला.

"मास्तर, माह्या मायले काय म्हनाले लावलं तुमी?"

"का रे?"

"मले नदीपाशी जाऊ देत नाई. मिरच्या-मीठ ओवाळून ओवाळून घर धुपवून टाकलं. जाळी साफ कराले निंघालो का रस्त्यात आडवी पडते. खरंच आडवी पडते, मास्तर, मातीत. गावातले पोट्टे मले हासून राह्यले. पाऊस नाई तिकडे वांगे सुकून राह्यले न् नदी भरून वाहून राह्यली, न् मी काठावर बांगड्या भरल्यावानी बसून हावो." त्याला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. "शालू म्हनते आपन माहेरी जाऊ. तुमी या न् तिले समजवून सांगा. तुमचं आयकन थे."

रूपराव दुसऱ्याच दिवशी गेला, सवयीनं टेपरेकॉर्डर आणि कॅसेट घेऊनच. समजावलं, नाना तऱ्हेनं समजावलं. रुख्माबाई ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी टेपरेकॉर्डरकडे बोट करून म्हणाली, "माहा शबद त्या डब्यात कोंडून हाय. तो हाय तवरोक मले झोप नाई. तो मोडा."

हात्तिच्या, एवढंच ना! रूपरावानं कॅसेट लावली, ते वाक्य जिथं होतं तिथं आणली आणि नव्यानं रेकॉर्ड करायची दोन बटणं एकदम दाबून ठेवली. सगळे गप्प बसून राहिले. मग त्यानं मागे फिरवून ऐकवलं. तिच्या आवाजाच्या जागी आता नदीच्या पाण्याचा आवाज भरला होता, दुसरं काही नाही.

"गेलं?" रुख्माबाईनं विचारलं.

"गेलं."

"आनखी कुठी हाय?"

त्याच्या झोळीत त्या अंकाची प्रत होती. सरांनी पाठवलेली, कालच आलेली. चंद्रभान मायच्या मागे उभा राहून डोळ्यांनी विनवत होता, नाही म्हणा म्हणून. आणि रूपरावाला वाटलं, छापलेल्या कागदानं काय होतं? वेड्या बाईच्या मनाचं समाधान होतंय तर होऊ दे की.

"नाही मावशी. कुठंच नाही."

ती अशी मोकळी हसली, जशी वांग्याच्या गोष्टीवर हसली होती. चंद्रभाननं शर्ट काढून फेकला आणि ओरडला, "माय, दोर आन!" शालूनं चहा ठेवला. रूपराव एसटीत बसला तेव्हा आपण काहीतरी चांगलं केलं, असं त्याला वाटत होतं. खरोखर तसं वाटत होतं.

दसऱ्याच्या आधी परतीचा पाऊस झाला, इथं नव्हे, वर कुठंतरी. पवनारला ऊन होतं. रुख्माबाई आता बिनघोर झाली होती, टोपली घेऊन बाजारात बसू लागली होती. त्या दिवशीही ती बाजारातच होती. इंजिन धापा टाकायला लागलं तसा चंद्रभान पाण्यात उतरला. पाणी कमरेएवढं, म्हणून दोर बांधला नाही. काठावर शेजारचे नत्थूजी होते. ते सांगतात, पाणी एकाएकी गढूळ झालं आणि चढलं. चंद्रभान जाळीशी खाली वाकला होता. त्याचा पाय कशात अडकला की काय, कुणाला कळलं नाही. नत्थूजींनी ओरडून गाव गोळा केलं. पोरांनी उड्या मारल्या. चंद्रभान पार खाली, झुडपांत अडकलेला सापडला, आणि तेव्हा रुख्माबाईच्या टोपलीतली वांगी विकून संपायची होती.

रूपरावाला बातमी कॉलेजात कळली. तो तसाच पवनारला गेला. गर्दी होती, रडणं होतं, पण ज्या बाईच्या तोंडानं सगळा बाजार चालायचा तिच्या तोंडून आवाज नव्हता. भिंतीला टेकून बसली होती. तो लांबूनच परत आला. तेरवी झाल्यावर पुन्हा गेला, तर ती तिथंच तशीच बसलेली, अर्धी झालेली. अंगावरचं लुगडं दांडीवर टाकल्यासारखं लोंबत होतं.

शालू बाहेर आली. कपाळ मोकळं. तिच्याकडे बघवेना. "माय जेवत नाई," ती हळू आवाजात म्हणाली. "पानी बी बळजबरीनं पाजतो. म्हनते, ह्या तोंडानं म्या माहं पोरगं खाल्लं, आता ह्या तोंडात घास नाई घालत. गावातल्या बाया बी तेच म्हनून राह्यल्या. मास्तर, आता हे बी गेली तं मी एकटी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

रूपराव रुख्माबाईपुढे जमिनीवर बसला. त्यानं सांगायला सुरुवात केली, जे शिकलेली माणसं सांगतात तेच. वर पाऊस झाला, पाणी आलं, यात कुणाचा दोष नाही, कुणी केलं नाही, झालं. बोलता बोलता त्याला आपलाच आवाज ऐकू आला. फळ्यासमोर बोलतो तसाच बोलत होता तो. बुडणे, एक पाट. करणाऱ्याला जागा नाही. सगळं बरोबर होतं, आणि समोरची बाई उपाशी मरत होती.

रुख्माबाईनं मान वळवली. आवाज घोगरा, ओळखू न येणारा.

"मास्तर. तुमी पुसलं व्हतं ना?"

"हो, मावशी."

"सारं?"

त्यानं नजर नदीकडे वळवली.

"मंग कसं झालं?" तिनं विचारलं. रागानं नाही. लहान लेकरू विचारतं तसं विचारलं. "पुसलं व्हतं तं कसं झालं? म्हंजे माह्या तोंडातच राह्यलं असन ना ते. तोंड कुठी पुसता येते?"

आणि रूपरावाच्या लक्षात आलं की ही बाई त्याच्याकडे समजूत मागत नाही, कर्ता मागते आहे. पोर गेलं आणि कुणी केलं नाही, असं वाक्य तिच्या जगात नव्हतंच. ती जागा रिकामी राहणार नव्हती. दुसरं कुणी नाही म्हणून ती स्वतः तिथं जाऊन बसली होती, आणि तिथून उठली तर दुसरं कुणी तिथं बसायला हवं होतं. त्याचा तर यातल्या कशावरच विश्वास नव्हता. तथास्तु म्हणणाऱ्या वास्तूवर नव्हता, छापलेल्या कागदाच्या ताकदीवर नव्हता. पण खोटं मात्र तो बोलला होता, आणि खोटं ऐकूनच तिनं पोराला पाण्यात जाऊ दिलं होतं. हे तर विश्वासाचं नव्हतं, हे खरंच होतं. त्याला काय करावं ते सुचेना. त्याला रडू आलं.

"पुसलं नाई, मावशी," तो म्हणाला. किती वर्षांनी त्याच्या तोंडून त्याच्या मायची बोली निघत होती. "डब्यातलं पुसलं, पन त्याच्या आंधीच ते छापून गेलतं. पुस्तकात. नागपूरले. तुमी इचारलं तवा माह्या झोऱ्यातच व्हतं ते. मी तुमाले लबाड बोललो."

रुख्माबाई त्याच्याकडे टक लावून पाहत राहिली.

"तुमी तं म्हनतच नव्हत्या," तो म्हणाला. "म्याच म्हनाले लावलं. तुमच्या तोंडाचा काई दोष नाई. तुमचं तोंड तं नाईच म्हनत व्हतं."

"म्हंजे ते तथी व्हतं," ती सावकाश म्हणाली. "सारा वेळ."

"व्हय."

"न् म्या पोराले जाय म्हनलं. तुमी सांगतलं म्हून."

"व्हय."

शालू दारात खांबाला धरून उभी होती. मग रुख्माबाई म्हणाली, "पानी दे वं, शालू." तांब्या दोन्ही हातांनी धरून ती गटागटा प्यायली. तोंड पदरानं पुसलं, आणि पुसलेल्या त्या तोंडानं स्पष्ट, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत म्हणाली, "मास्तरनं माहं पोरगं बुडवलं."

आणि मग ती रडली. पोर गेल्यापासून पहिल्यांदा, ऊर फोडून. शालू धावली, तिनं तिला पोटाशी धरलं. रूपरावाचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलकडे गेला होता. तो त्यानं तिथंच थांबवला. त्या क्षणी तो हात तोडून टाकावा असं त्याला वाटलं. तो उठला आणि चपला हातात घेऊनच रस्त्यापर्यंत चालत गेला.

महिन्याभरानं रुख्माबाई बाजारात परत बसू लागली. रूपराव तो रस्ताच टाळू लागला. पलीकडून, मागच्या गल्लीतून जायचा. पण एक दिवस शालू कॉलेजच्या फाटकाशी उभी दिसली.

"मास्तर, तुमी बाजारात येत नाई काऊन?"

रूपराव हातातली पुस्तकं सारखी करू लागला.

"येत जा," ती म्हणाली. खाली बघत होती, तिलाही ते बोलणं जड जात होतं. "तुमी दिसले का माय बोलते. चार मानसांत बोलते, तुमाले लागन असंच बोलते. पन मंग जेवते. लय दिवस तुमी नाई दिसले का पुन्हा तिच्या मनात येते का आपल्याच तोंडानं गेलं. मंग ताट सरकवते. मी हात जोडतो तुमाले. बाजाराच्या दिवशी तरी येजा."

तेव्हापासून रूपराव दर बाजाराला जाऊ लागला. पाऊस असो, ऊन असो, अंगात ताप असो. तिच्या ढिगापुढून हळूच चालायचा, दिसेल असा. रुख्माबाई त्याला बघायची आणि गिऱ्हाइकाला हाक मारायची, "पाह्य बापा, हा शिकलेला मास्तर! ह्यानं माहं पोरगं बुडवलं." माणसं वळून बघायची. सुरुवातीला कुजबुजायची, पुढं सवय झाली. कॉलेजातल्या पोरांच्याही कानी गेलं. पाट मांडून शिकवणं रूपरावानं सोडून दिलं. आपल्या हातात आता दुसरं काहीच नाही, हे त्याला कळलं होतं. नदीला थांबवता आलं नसतं, छापलेलं परत घेता येत नव्हतं. उरलं होतं ते एवढंच, त्या रस्त्यानं चालत जाणं.

त्र्याऐंशी साली नागपूरला त्याची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते. 'माहं पोरगं नदीत बुडालं' हे वाक्य त्यांना पाठ होतं. ते उदाहरण आता दुसरेही अभ्यासक घेऊ लागले होते. फळ्यावर ते वाक्य लिहून परीक्षकांनी त्याच्याभोवती गोल केला आणि म्हणाले, "अप्रतिम. इथं कर्त्याला जागाच नाही. एकच विचारतो, झाडे. पुढच्या पानावर 'बुडवणे'समोर तुम्ही कोरी जागा सोडली आहे. नाव बुडवल्याचं वाक्य आहे, पण माणूस बुडवल्याचं नाही. पाच वर्षांत कर्त्यासह एकही वाक्य मिळालं नाही?"

मार्गदर्शक सर कौतुकानं त्याच्याकडे पाहत होते. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं.

"नाही मिळालं, सर," रूपराव म्हणाला. "त्यांच्या बोलीत तसं म्हणत नाहीत."

परीक्षकांनी मान डोलावली, ते स्वाभाविकच आहे म्हणाले आणि उठून त्याचा हात हातात घेतला. डॉक्टर झाडे, म्हणाले. नोकरी आता पक्की होणार होती.

दुपारच्या गाडीनं तो वर्ध्याला उतरला. हातात हार, पेढ्यांचा पुडा. बाजाराचा दिवस होता. खोलीवर न जाता तो तसाच बाजारात गेला. हार पिशवीत कोंबला आणि वांग्यांच्या ढिगापुढे जाऊन उभा राहिला. रुख्माबाई थकली होती, बहुतेक सकाळपासून त्याची वाट बघत होती. भाकरीचं फडकं तिच्याशेजारी बांधलेलंच होतं.

तिनं वर पाहिलं. शेजारच्या बाईला कोपर मारलं आणि म्हणाली, "ह्या मास्तरनं माहं पोरगं बुडवलं वं."

"व्हय, मावशी," रूपराव म्हणाला.

मग तिनं फडकं सोडलं, भाकरीवर कांदा ठेवला आणि ती जेवायला बसली.